गुपित फोडलं म्हणून हसले

नाटक लिहिणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. मोठं होतं, चार पानी, म्हणून थोडक्यात देते.

"ताई, मी ऐरोलीला राहतो, वय ४७, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. आठ वर्षांत तीन विनोदी नाटकं लिहिली, दोन अंकी, कुठल्या ग्रुपमध्ये नाही, गॉडफादर नाही, सगळं रात्री अकरानंतर डायनिंग टेबलवर बसून. दोन निर्मात्यांना वाचून दाखवलं. एक म्हणाला स्टार कोण आणणार, दुसऱ्याने स्क्रिप्ट ठेवून घेतली आणि 'बघतो' म्हणाला, त्याला आता दीड वर्ष झालं. गणपतीत आमच्याच सोसायटीत प्रयोग केला, पहिल्या अंकात बरा हशा आला पण दुसऱ्या अंकात लोक प्रसादाच्या लाइनीत जाऊन उभे राहिले. आता ठरवलंय की साडेतीन लाखांची एफडी मोडून स्वतःच ठाण्याच्या गडकरी रंगायतनला प्रयोग लावायचे. वस्त्रहरणचे पण सुरुवातीचे प्रयोग पडलेच होते ना. बायको म्हणते नाटक सोडा नाहीतर एफडी सोडा, ती मुलीच्या ॲडमिशनची आहे. तिला विनोद कळत नाही हो, वाचन झाल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही विचारते, तो माणूस बिल्डरचा नाहीये हे आम्हाला आधीच का नाही सांगितलं! आणि आता वर हे, कामोठ्याच्या एका महिला मंडळाने माझं नाटक न विचारता हळदीकुंकवाला केलं, प्रवेश फुकट होता पण लेखक म्हणून माझं नाव कुठेच नाही, आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी माझं गुपित फोडून टाकलं. व्हिडिओ आलाय व्हॉट्सॲपवर. लोक हसतायत, पण चुकीच्या कारणासाठी. नोटीस पाठवू का?"

सोबत दुसऱ्या अंकाची दोन पानं आणि तो व्हिडिओ पण पाठवलाय.

अहो ऐरोलीकर,

पत्र दोनदा वाचलं, व्हिडिओ तीनदा बघितला, आणि तिसऱ्या वेळी आमच्या ह्यांनी बाहेरून विचारलं की काय एवढं हसतेस. म्हणजे चुकीच्या कारणासाठी हसणाऱ्यांत मी पण आले, राग मानू नका. मी काही नाटककार नाही, पण ऑफिसच्या नाटकमंडळात एकोणीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं, विंगेत स्टूलवर बसून, हातात वही आणि बॅटरी, आणि त्या जागेवरून एक गोष्ट जेवढी स्वच्छ दिसते तेवढी लेखकाला कधी दिसत नाही, ती म्हणजे लोक नेमके कुठल्या शब्दाला हसले.

एफडीचं, नोटिशीचं नंतर बोलू. आधी नाटकाचं बोलू कारण सगळी गडबड तिथेच आहे.

तुमची गोष्ट मला जाम आवडली. सिडकोची जुनी बिल्डिंग, रीडेव्हलपमेंटची मीटिंग, आणि पाण्याचा फिल्टर विकायला दारावर आलेल्या पोऱ्याला अख्खी कमिटी बिल्डरचा माणूस समजते. त्याला बसवतात, खाऊ घालतात, चेअरमन त्याच्या कानात वेगळं सांगतो, सेक्रेटरी वेगळं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर मुलीची पत्रिकाच काढतात. नवी मुंबईत ज्याने एक तरी सोसायटीची जनरल बॉडी बघितलीय त्याला हे सगळं नावानिशी ओळखीचं वाटेल. (आणि ही कल्पना जुनी आहे असं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. गोगोल नावाच्या नाटककाराने १८३६ मध्ये रशियात असाच भलता माणूस इन्स्पेक्टर समजून अख्ख्या गावाला त्याच्या पाया पडायला लावलं, पुलंनी त्याच्यावरूनच 'अंमलदार' केलं. पत्ता ओळखीचा झाला की जुनी कल्पना पण नवीन वाटते.)

पण तुम्ही काय केलंय, तो पोऱ्या फिल्टरवाला आहे हे शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत लपवून ठेवलंय. कमिटीपासून लपवलंत ते ठीकच आहे, पण आमच्यापासून पण लपवलंत? म्हणजे दीड तास आम्ही पण त्याला बिल्डरचाच माणूस समजतोय, मग कमिटी त्याला खाऊ घालते त्यात हसण्यासारखं काय आहे, बिल्डरच्या माणसाला सगळेच खाऊ घालतात! शेवटी तुम्ही बॉम्ब फोडता, लोक "अच्छाऽऽ" म्हणतात, आणि ह्या "अच्छा"साठी तुम्ही आख्ख्या दुसऱ्या अंकाचा हशा घालवून बसलाय. रहस्यनाटकात खून कोणी केला ते शेवटपर्यंत लपवायचं असतं. फार्समध्ये उलटं, प्रेक्षकाला सगळं माहीत पाहिजे आणि स्टेजवरच्याला काहीच नाही, मग तो जितक्या गंभीरपणे खड्ड्याकडे चालत जातो तितके आपण खुर्चीत वळवळतो.

अत्र्यांची मोरूची मावशी घ्या. मूळ इंग्रजी नाटक लंडनला १८९२ मध्ये आलं, चार्लीज आँट, आणि ते इतकी वर्षं इतक्या भाषांत चालतंय ते कशावर, तर ती मावशी बाई नाही हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे म्हणून. विजय चव्हाण लुगडं सावरत आले की थिएटर हसून पडायचं. आता समजा मावशी खरंच मावशी वाटली असती आणि शेवटी विग काढला असता, तर? एकच हशा, तो पण पडदा पडताना.

आणि तुम्ही ज्याचा दाखला दिलाय त्या वस्त्रहरणमध्ये तरी गुपित कुठे आहे सांगा. गावातल्या मंडळींना द्रौपदी वस्त्रहरण उभं करायचंय आणि ते त्यांना जमणार नाहीये हे पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला कळतं. मग पुढे काय काय बिघडतंय त्याचीच मजा. १९८० चं नाटक, पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. सुरुवातीला बुकिंग नव्हतं हे सगळेच सांगतात, प्रत्येक नवीन नाटककार हेच उदाहरण देतो, मला आत्तापर्यंत पत्रातून सहा वेळा आलंय. पण तात्या सरपंच करायला मच्छिंद्र कांबळी होते आणि पुलंनी कौतुक केलं, हे दुसरं वाक्य कोणी लिहीत नाही. आणि पडलं होतं म्हणजे गिऱ्हाईक आलं नव्हतं, जे आले ते हसत होते. तुमच्याकडे गणपतीत गिऱ्हाईक आलं होतं, समोर बसलं होतं, फुकट, आणि दुसऱ्या अंकात उठून गेलं. हा फरक जरा बघा.

आता तुमच्याच पानांवरचा एक तुकडा घेते. चेअरमन त्या पोऱ्याला आपल्या सोसायटीचं पाणी किती चांगलं आहे ते सांगतोय, तेवढ्यात वॉचमन येतो. तुमचं वाक्य असं आहे,

"साहेब, टाकीत मांजर सापडलंय, मी प्लंबरला विचारलं किती दिवसांपासून असेल तर तो म्हणाला तुम्ही टाकी धुतल्याचं बिल लावलंत त्याच्या आधीपासून असणार असं मला वाटतं."

विनोद आहे, झक्कास आहे, पण तो मधेच सांडलाय. "आधीपासून" ह्या शब्दाला हशा आहे आणि त्याच्यापुढे तुम्ही "असणार असं मला वाटतं" ही शेपटी लावलीय. नट ती शेपटी बोलत असतो तेव्हा लोक हसायला तोंड उघडत असतात, मग त्यांना वाटतं अजून काहीतरी येतंय, ते थांबतात, आणि हशा गेला. वर लगेच चेअरमनला तुम्ही पाच ओळींचं भाषण दिलंय. हशा खाणं म्हणतात ते हेच. आमच्याकडे एक गृहस्थ होते, नाव नको, लोक हसायला लागले की त्यांना वाटायचं आपण वाक्य विसरलो म्हणून हसतायत, आणि ते घाईघाईने पुढचं वाक्य म्हणून टाकायचे. एका प्रयोगाला मी मोजलं, अकरा हशे खाल्ले एकट्याने, घरी जाऊन जेवले नसतील.

ते असं करून बघा.

चेअरमन (हातात पाण्याचा ग्लास, अर्धा संपवून): किती दिवसांपासून आहे मांजर?
वॉचमन: टाकी धुतल्याचं बिल लावलंत ना साहेब...
चेअरमन: हां.
वॉचमन: त्याच्या आधीपासून.

बस. पुढे कोणी काही बोलायचं नाही. चेअरमनने ग्लासाकडे बघायचं, आणि ग्लास हळूच टीपॉयवर ठेवायचा.

इथपर्यंत एक हशा. आता खरी गंमत बघा, शेजारी तो पोऱ्या बसलाय. तो बिल्डरचा माणूस असेल तर बिचारा मांजराचं ऐकून नुसता तोंड वाकडं करेल. पण तो फिल्टरवाला आहे हे आम्हाला माहीत असेल तर? सकाळपासून सतरा दारं वाजवलीत, एक फिल्टर विकला गेला नाहीये, आणि समोर चेअरमन स्वतःच्या टाकीतलं मांजराचं पाणी पिऊन बसलाय. त्या पोऱ्याचा चेहरा नुसता उजळायचा, काही न बोलता, हात हळूच बॅगेच्या चेनकडे जायचा. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणतो "हे तुमच्या वरच्या साहेबांना सांगू नका हं", की चेन परत बंद. अहो एकाच ग्लासात तुम्हाला तीन हशे मिळतायत, एक पैसा खर्च नाही, फक्त आम्हाला आधी सांगा तो कोण आहे!

कामोठ्याच्या बायकांनी नेमकं हेच केलंय. व्हिडिओ परत बघा आणि या वेळी लेखक म्हणून बघू नका, आवाज वाढवून नुसते हशे ऐका. त्यांनी सुरुवातीला त्या पोऱ्याला (पोरगीच आहे, मिशी लावलेली, डावीकडून सुटलेली) बॅग घेऊन प्रेक्षकांतून आणलंय, पहिल्या रांगेतल्या आजींना ती विचारते "आजी, फिल्टर?" आणि आजी खरोखर म्हणतात "आहे रे बाबा घरी". बस, तिथून पुढे सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस मिनिटांच्या व्हिडिओत मी एकतीस हशे मोजले. लायटिंग नाही, माइक कुईकुई करतोय, मागे मंडपवाल्याचा पंखा, आणि एकतीस हशे.

तुमच्या मिसेसनी वाचनानंतर विचारलं ते हेच होतं हो. आधी का नाही सांगितलं. त्यांना विनोद कळत नाही असं तुम्ही लिहिलंयत ते वाक्य मी त्यांच्या कानावर जाऊ देणार नाही, पण तुम्ही आज संध्याकाळी चहा करा आणि त्यांना विचारा की अजून कुठे कुठे असं वाटलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्या बावीस जणांपेक्षा न हसणारी एक बाई जास्त कामाची असते. ओळखीची माणसं वाचनाला हसतात कारण तुम्ही समोर बसलेले असता आणि नंतर बटाटेवडे असतात.

आता नोटीस. पाठवू नका. एक तर कॉपीराइटचा कायदा, १९५७ चा, त्यात हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे, ५२ व्या कलमात, तो भंग धरत नाहीत. तिकीट लावलं असतं तर गोष्ट वेगळी. पण नाव गाळणं हे वेगळं, लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क तुमचाच आहे, त्याला ५७ वं कलम आहे, आणि ते तुम्ही हक्काने मागा. फक्त वकिलाच्या लेटरहेडवर नाही, फोन करून मागा. मला खात्री आहे त्या बायकांना लेखक कोण हे माहीतच नसणार, तुम्हीच लिहिलंय की पीडीएफ ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती आणि तिच्यावर नाव नव्हतं! असं कोणी करतं का? प्रत्येक पानाच्या खाली नाव आणि तारीख टाका, आणि फायनल कॉपी स्वतःलाच ईमेल करून ठेवा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, लिहिलंत की हक्क तुमचाच, पण कधी वाद झालाच तर तारखेचा कागद हाताशी असलेला बरा.

त्यांना फोन केलात की सरळ म्हणा, मी लेखक, प्रयोग आवडला, पुढच्या वेळी नाव लावा, आणि ती सुरुवात मी वापरू का? हो, विचाराच. तुमचं त्यांनी न विचारता घेतलं म्हणून तुम्ही पण तसंच करायचं असं नाही.

तो दीड वर्ष "बघतो" म्हणणारा निर्माता, त्याच्याशी तुमचा लेखी काहीच करार नाहीये ना, मग त्याच्याकडे एक कॉपी आहे, हक्क नाहीत, विसरा त्याला. पण उद्या कोणी खरंच कागद पुढे केला तर दोन गोष्टी नीट वाचा, किती वर्षांसाठी आणि कुठे कुठे. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर अख्खा भारत. आणि प्रयोगामागे मानधन लिहून घ्या, एकरकमी पैसे घेऊन सगळं देऊन टाकू नका, विनोदी नाटकाचं काही सांगता येत नाही, पडलं तर तिसऱ्या प्रयोगाला आणि चाललं तर नातवंडांपर्यंत. खरंच नातवंडांपर्यंत, लेखकाच्या मागे साठ वर्षं हक्क राहतो.

आता एफडी.

तुमचेच आकडे घेते. एका प्रयोगाचा खर्च तुम्ही एक लाख दहा हजार धरलाय, भाडं, सेट, टेम्पो, लाइट, नटांची नाईट (म्हणजे प्रयोगाचे पैसे), जाहिरात सगळं मिळून. सरासरी तिकीट ३००. म्हणजे नुसता खर्च निघायला ३६७ तिकिटं, विकलेली, वाटलेली नाही. तुमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट, घरटी दोघं आले तरी १६८, आणि त्यातले निम्मे पास मागणार हे मी लिहून देते, कारण "आपलंच नाटक आहे". आणि गडकरीत हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत. पहिल्या प्रयोगाला ओळखीचे येतील, फोटो निघतील, नारळ फुटेल. दुसऱ्या प्रयोगाला कोण येणार? तुम्हाला मिळणार मंगळवारची दुपार. तिसऱ्या प्रयोगाला एफडी संपली, आणि दुसरा अंक अजून तसाच आहे, कारण तो दुरुस्त करायला वेळच मिळाला नाही, तुम्ही टेम्पोवाल्याच्या मागे धावत होतात.

मी गडकरीच्या विरुद्ध नाही हो. तलावपाळीवर भेळ खाऊन तिसऱ्या घंटेला धावत आत शिरण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय. आणि ज्यांचं नाव त्या थिएटरला आहे ते गडकरी पण ३४ व्या वर्षी गेले आणि तेवढ्यात 'एकच प्याला'तला तळीराम लिहून गेले, तुम्ही ४७ चे आहात, वाईट वाटून घेऊ नका, पण घाई पण करू नका. तिथे शेवटी जायचं. आधी छोटं.

छोटं म्हणजे कसं ते सांगते, कारण हे मी बघितलेलं आहे. साठ खुर्च्यांची कुठलीही जागा, शाळेचा हॉल, लायब्ररीचा वरचा मजला, सोसायटीचं क्लबहाउस, पण तुमच्या सोसायटीचं नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी. सेट म्हणजे चार खुर्च्या आणि एक टीपॉय, ग्लास ठेवायला. तिकीट शंभर रुपये, पण तिकीट पाहिजेच, कारण शंभर रुपये दिलेला माणूस हसू आलं नाही तर हसत नाही. नाटक तेच. तुम्ही स्टेजवर जायचं नाही, विंगेत जायचं नाही, शेवटच्या रांगेत स्क्रिप्ट घेऊन बसायचं, पेन्सिलने खुणा करायच्या, हसले तिथे बरोबर, खोकले तिथे गोल. खोकल्याकडे लक्ष ठेवा. लोक कंटाळले की आधी खोकतात, मग खुर्ची वाजते, मग मोबाईलचा उजेड दिसतो. फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, व्हिडिओ नको, व्हिडिओत आपण नटच बघत बसतो. दुसऱ्या दिवशी ऐका, आणि जिथे तुम्हाला आवडलेलं वाक्य आहे आणि सलग तीन प्रयोगांत हसले नाहीत ते वाक्य कापा. रडत कापा पण कापा. चौथ्या-पाचव्या खेळापर्यंत तुमचं दोन तासांचं नाटक दीड तासावर येईल, आणि मग ठाण्याला काशीनाथ घाणेकर नाट्यगृहाचं मिनी थिएटर बघा, तिथून पुढे मोठं.

आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवून प्रमाणपत्र घेऊन ठेवा, म्हणजे आपल्या भाषेत सेन्सॉर. जाहीर प्रयोगाला लागतं, राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तरी मागतात. सुरुवात बदलणार असाल तर बदलून झाल्यावर पाठवा, नाहीतर पुन्हा कागद हलवत बसाल.

आणि एक, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मला फार दिवस बोलायचं होतं. तुमच्यासारखा एकट्याने लिहिणारा माणूस निर्मात्याच्या दारात बसून राहतो, आणि ज्यांना नाटक हवं आहे ते भलतीकडेच असतात. ठाण्यात नवी मुंबईत किती महिला मंडळं, किती सीनियर सिटिझन ग्रुप, किती कंपन्यांची गॅदरिंग आहेत, आणि सगळ्यांची एकच बोंब असते की करण्यासारखं काही नाही! जुनी नाटकं घ्यावीत तर त्यात सात पुरुष आणि दोन बायका, एक नायिका आणि एक मोलकरीण. आणि मंडळात असतात अकरा बायका आणि एक काका, तेही गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. (आमच्याकडे एका वर्षी त्या काकांना सोफ्यावरच बसवून ठेवलं होतं, अख्खं नाटक, लेखकाला सांगितलं हे पात्र आळशी आहे.) तुमच्या नाटकात चेअरमन पुरुषच का पाहिजे? चेअरमनबाई करा. एक तासाची आवृत्ती काढा, एक सेट, आठ पात्रं, त्यातली पाच कोणीही करावीत अशी, कपडे घरातले. आणि पहिल्या पानावर लिहा, फुकट प्रयोगाला फक्त कळवा आणि नाव लावा, तिकीट असेल तर प्रयोगामागे अमुक इतकं मानधन. पाचशे ठेवा, हजार ठेवा, पण ठेवा. पैशापेक्षा त्या निमित्ताने फोन येतो आणि तुम्हाला कळतं नाटक कुठे चाललंय. पुढच्या गणपतीत तुमचं नाटक घणसोलीला, कोपरीला, वसंत विहारला झालं तर त्यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ॲडिशन घेणार, म्हणजे पदरचं काहीतरी घालणार, दहातल्या नऊ भिकार असणार, आणि एक त्या "आजी, फिल्टर?" सारखी निघणार. तुमची रात्री अकरानंतरची आठ वर्षं आणि कामोठ्याची ती सुटलेली मिशी, मला तर ही भागीदारी चांगली वाटतेय.

बाकीच्या दोन नाटकांबद्दल काही सांगत नाही कारण पाठवलीच नाहीत. पण त्यात पण शेवटी काहीतरी उघड होणार असेल तर आधी मिसेसना वाचायला द्या, या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.

एफडी राहू दे तिथेच. साठ खुर्च्यांच्या पहिल्या खेळाला किती लागतील, हॉल, चहा, टीपॉय, रिक्षा? दिवाळीचा बोनस पुरेल. तारीख ठरली की कळवा, मी येते, ट्रान्सहार्बरच्या लोकलने येऊन परत जायचंय तेव्हा साडेनऊच्या आत पडदा पाडा. पास नको, शंभरचं तिकीट काढीन, आणि शेवटच्या रांगेत तुमच्या बाजूची खुर्ची धरून ठेवा, पेन्सिल माझी मी आणते.